कोणताही आर्थिक भार न पडता

दिल्लीत नवी ओळख झाली की माणूस नाव नीट ऐकून घेण्याआधीच विचारतो, "आप कहाँ हैं?" हा प्रश्न घराच्या पत्त्याबद्दल नसतो. उत्तरात मंत्रालय सांगायचं असतं. त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो, "किस पोस्ट पे?" ही दोन उत्तरं मिळाली की समोरच्याला ठरवता येतं, नुसता चहा द्यायचा, चहाबरोबर बिस्किटं द्यायची, की काजूची बशी बाहेर काढायची. लग्न होऊन मी मयूर विहारात आले तेव्हा मला याची सवय नव्हती. मी आपली नाव सांगून मोकळी व्हायचे आणि लोक पुढचं ऐकायला थांबलेले असायचे.

पुढे मलाही पोस्ट मिळाली. कस्तुरबा गांधी मार्गाच्या मागच्या अंगाला एका जुन्या इमारतीत खुराना साहेबांचं ऑफिस होतं. परदेशात नोकरी करू पाहणाऱ्यांची कागदपत्रं आम्ही लावून द्यायचो. तिथे मी निवृत्त होईपर्यंत 'सीनियर कन्सल्टंट' होते. ज्युनियर कोणी नव्हतंच. ऑफिसात आम्ही दोघंच, खुराना साहेब 'मॅनेजिंग डायरेक्टर' आणि मी 'सीनियर'. चहासुद्धा आळीपाळीनं करायचो. भिंतीवर लंडनच्या घड्याळाच्या मनोऱ्याचं एक मोठं चित्र होतं आणि त्याच्याखाली दर शनिवारी ताजं लिंबू-मिरची टांगलेलं असायचं. गिऱ्हाइकांना या व्यवस्थेत काही विसंगत वाटलेलं मी कधी पाहिलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी "कामाबद्दल लिहा, पण सोपं लिहा" असं बजावलं आहे, म्हणून आधी ते काम सांगते. समजा तुमची मुलगी इंग्लंडला शिकायला गेली. शिक्षण संपलं की तिथलं सरकार तिला काही काळ राहू देतं. 'शोध नोकरी' म्हणतं. तो काळ संपायच्या आत एखाद्या कंपनीनं तिला स्पॉन्सर करावं लागतं. स्पॉन्सर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे क्रिकेटवाल्यांच्या शर्टावरची नावं येतात. हे तसलं नव्हे. इथे कंपनी तिथल्या सरकारला लिहून देते की, ही बाई बाहेरची आहे पण आम्हाला हवी आहे, हे काम खरोखरच आमच्याकडे आहे, ते हीच करणार आहे, आणि या कामाचा आमच्या देशात जो दर ठरला आहे तो आम्ही हिला देणार आहोत. असं लिहून देण्याचा परवाना कंपनीला आधी स्वतःसाठी मिळवावा लागतो. मग त्या मुलीच्या नावानं एक नंबर निघतो आणि त्या नंबरावर तिला परमिट मिळतं. पद, काम आणि पगार या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी मेळ बसला पाहिजे. सगळी मेख तिथेच असते.

हे मी रोज समजावून सांगायचे आणि रोज कोणीतरी त्यातून भलताच अर्थ काढायचं. द्वारकेच्या एका मातोश्री मुलाला मिळालेलं ऑफर लेटर घेऊन आल्या. मला वाटलं पगाराबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, "कंपनी चांगल्या घरातली आहे ना हो?" मी म्हटलं, कंपनी आहे, घराणं नाही. त्या म्हणाल्या, "तरी पण, मालकाचं शिक्षण वगैरे?" गाझियाबादचे एक प्रॉपर्टी डीलर होते. त्यांना नोकरी, मुलाखत या भानगडी वेळखाऊ वाटत होत्या. खुर्चीत रेलून ते म्हणाले, "मैडम, सीधी बात. एक स्पॉन्सर ख़रीदना है. रजिस्ट्री आपके यहीं हो जाएगी?" मी त्यांना तासभर नियम सांगितले. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि जाताना खुराना साहेबांच्या कानाशी लागून म्हणाले, "मैडम ईमानदार हैं, किसी और से मिलवाइए."

खुराना साहेब स्वतः तसे सरळ होते. "हम सपने नहीं बेचते, हम प्रोसेसिंग करते हैं," असं ते म्हणायचे आणि ही पाटी त्यांना इंग्रजीतून दारावर लावायची होती. मीच लावू दिली नाही.

या कामाचा मला अभिमान होता, तो अजूनही आहे. पण आता आमच्या सोसायटीत संध्याकाळी खाली बाकावर बसलं की जे आईवडील शेजारी येऊन बसतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची मुलं मीच पाठवलेली आहेत. ती माणसं माझे आभार मानतात, मुलांचे फोटो दाखवतात, आणि मग गुडघ्याच्या ऑपरेशनला सोबत कोण येईल ते विचारतात. तेव्हा मला वाईट वाटतं. मी ते बोलून दाखवत नाही, सोबत जाते.

आता गायकवाड साहेब. हे प्रकरण मी कधी विसरले नाही आणि ते कोणाला सांगितल्याशिवायही राहत नाही. त्यांची परवानगी आहे. नावंगावं तेवढी बदलली आहेत.

ते एका शनिवारी आले. शनिवारी सरकारला सुट्टी असते, त्यामुळे आमच्याकडे त्या दिवशी भारत सरकारचीच गर्दी असायची. नीटनेटके, इस्त्रीचा हाफ शर्ट, खिशाला पेन. बसायच्या आधीच म्हणाले, "सॅम्युएल गायकवाड. अंडर सेक्रेटरी." मंत्रालय सांगितलं. मग मराठीत म्हणाले, "तुम्ही मराठी आहात असं चर्चमध्ये कोणीतरी सांगितलं. मग म्हटलं, चलो, आपल्याच माणसाला दाखवू."

मूळचे नगरकडचे. सरोजिनी नगरात क्वार्टर, बायको शालिनीताई शाळेत शिक्षिका, एकुलती एक मुलगी करुणा. तिनं इंग्लंडात अन्नतंत्रज्ञानाची मास्टर्स डिग्री घेतली होती. उत्तरेकडच्या एका छोट्या गावात मुरंबे आणि जॅम बनवण्याचा घरगुती वळणाचा कारखाना होता, मोजकी माणसं. मालकीण मार्गारेट नावाच्या एक प्रौढ बाई. करुणा तिथे लागली आणि मार्गारेटबाईंना इतकी पसंत पडली की तिला ठेवून घेण्यासाठी त्यांनी परवाना काढला. एका मुलीसाठी एवढ्या लहान कारखान्यानं परवाना काढणं म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्याच माणसाला कळतं. मोठमोठ्या कंपन्या टाळाटाळ करतात. मी ऑफर लेटर वाचलं. पद, काम, पगार, तिन्ही एकमेकांना धरून होते. मी म्हटलं, "साहेब, उत्तम आहे. इतकं सरळ प्रकरण माझ्याकडे फार दिवसांत आलं नव्हतं."

गायकवाड साहेबांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. त्यांनी बोट ठेवलं ते पहिल्याच ओळीवर. 'ज्युनियर फूड टेक्नॉलॉजिस्ट.'

"हे ज्युनियर काय आहे?"

"पद आहे."

"ते दिसतंय मॅडम. पण मास्टर्स केलेली मुलगी आणि ज्युनियर? फरीदाबादला एका ठिकाणी तिच्या लग्नाचं बोलणं चाललंय. मुलगा बँकेत ऑफिसर आहे. त्यांनी पोस्ट विचारली तर काय सांगू?"

"फूड टेक्नॉलॉजिस्ट सांगा."

"ते लेटर मागतात," ते म्हणाले. फरीदाबादच्या लोकांना ते पूर्ण ओळखून होते.

मी त्यांना तिन्हींचा मेळ समजावून सांगितला. पद बदललं की कामाची वर्गवारी बदलते, वर्गवारी बदलली की पगाराचा दर बदलतो, तेव्हा ज्युनियरला हात लावू नका, वर्षा-दोन वर्षांत ते आपोआप जाईल. "बिल्कुल," ते म्हणाले. पुढे मला कळलं की अंडर सेक्रेटरीच्या तोंडी 'बिल्कुल' याचा अर्थ 'आपल्या म्हणण्याची नोंद घेतली' एवढाच असतो.

आता इथे गायकवाड साहेबांची बाजू सांगायला हवी, नाहीतर तुम्ही त्यांना नुसते पोकळ समजाल. ते सरकारात लागले तेव्हा त्यांचं पद होतं 'असिस्टंट'. बढतीची वाट बघत ते असिस्टंटच राहिले, इतकी वर्षं की करुणाचा जन्म, बाप्तिस्मा आणि शाळेचा प्रवेश हे सगळं त्या एका पदात उरकलं. शालिनीताई मला एकदा हसत म्हणाल्या होत्या, "आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना असिस्टंट हा शब्द पत्रिकेत नको होता. त्यांनी 'वर : भारत सरकार' एवढंच छापून घेतलं. लोकांना वाटलं मी सगळ्या देशाशीच लग्न करतेय." आणि मग एक दिवस सरकारनं हुकूम काढला की यापुढे असिस्टंटना 'असिस्टंट सेक्शन ऑफिसर' म्हणावं. पगार तोच, टेबल तेच, टेबलावरची धूळही तीच. पण नावात ऑफिसर आलं! ऑफिसात लाडू वाटले गेले. गायकवाड साहेबांनी क्वार्टरवरची पाटी बदलली आणि सासऱ्यांना फोन केला. माझ्याजवळ हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

त्या हुकुमाच्या शेवटी एक वाक्य होतं. ते वाक्य दिल्लीत ज्यानं नोकरी केली त्याला झोपेतही म्हणता येतं. 'या बदलामुळे शासनावर कोणताही आर्थिक भार पडणार नाही.' सरकारात एखादी गोष्ट मंजूर करून घ्यायची तर फायलीत हे वाक्य असावं लागतं. पैसा लागणार नाही म्हटलं की वरचा अधिकारी डोळे मिटून सही करतो. गायकवाड साहेबांनी उभ्या नोकरीत या एका वाक्याच्या जोरावर कितीतरी फायली पार नेल्या होत्या, त्यामुळे त्यांचा त्याच्यावर प्रार्थनेइतका विश्वास होता.

तर त्यांनी मला 'बिल्कुल' म्हटलं, घरी गेले, आणि थेट मार्गारेटबाईंना ईमेलनं अर्ज पाठवला. तो मी नंतर वाचला. इंग्रजीतच होता, पण त्याची मराठी साधारण अशी होईल : सविनय सादर की, अधोस्वाक्षरीकर्त्याची कन्या आपल्या नामांकित आस्थापनेत कार्यरत असून, तिची शैक्षणिक अर्हता व कौटुंबिक पार्श्वभूमी विचारात घेता तिचे पदनाम 'प्रॉडक्शन मॅनेजर' असे करण्याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. सदर बदलामुळे आपल्या आस्थापनेवर कोणताही आर्थिक भार पडणार नाही.

शेवटचं वाक्य त्यांनी अधोरेखित केलं होतं.

मार्गारेटबाईंना असा अर्ज उभ्या आयुष्यात आला नव्हता. त्यांना तो फार गोड वाटला. त्यांनी तो छापून पॅकिंगच्या खोलीत लावला म्हणे. बापाची इच्छा आहे, आपल्याला काही खर्च नाही, आणि पोरीला तेवढीच गंमत वाटेल, असा विचार करून त्यांनी करुणाला न सांगताच तिच्या नंबराच्या कागदावर 'प्रॉडक्शन मॅनेजर' लिहून टाकलं. पगार तोच. त्यांनी परवाना नवाच काढलेला, नियमांची सवय नाही. ज्या खात्यात मॅनेजर येतो त्याच खात्याची वर्गवारी त्यांनी निरागसपणे निवडली.

नंबर हातात पडला तेव्हा करुणा दचकली. तिनं वडिलांना फोन केला की हे चुकलंय, मी बदलून घेते. गायकवाड साहेबांनी तिला सरकारी शहाणपण शिकवलं, "आलेल्या ऑर्डरमध्ये करेक्शन मागायचं नसतं बेटा. करेक्शन मागितलं की फाईल मागे जाते, आणि मागे गेलेली फाईल परत येत नाही." तिची मुदत संपत आली होती. ती घाबरली, आणि तिनं तसाच अर्ज भरला.

मला हे कळलं ते मिठाईचा डबा उघडल्यावर. शनिवार होता. साहेब नवा शर्ट घालून आले होते. "मॅडम, मॅनेजर झाली!"

मी कागद वरपासून खालपर्यंत बघितला. "साहेब, हे पाठवलं?"

"सबमिटही झालं."

"पगार वाढला का?"

"नाही नाही," ते अभिमानानं म्हणाले, "एक पैसासुद्धा नाही."

मी त्यांना म्हटलं की याचाच घोटाळा होणार आहे. खुराना साहेबांनी पलीकडून हात लांब करून बर्फी उचलली आणि म्हणाले, "मैडम, आप भी न, मुँह तो मीठा कीजिए." मी केलं नाही. ती बर्फी चांगली होती असं ते नंतर कितीतरी दिवस मला ऐकवत होते.

उत्तर आलं ते नकाराचं. आपल्याकडे पद वाढवून पगार तोच ठेवला की त्याला काटकसर म्हणतात. तिथल्या अधिकाऱ्यानं सरळ विचार केला : मॅनेजरचा दर ठरलेला आहे. त्याहून कमी पगारात मॅनेजर ठेवला आहे, म्हणजे एकतर ही कंपनी बाहेरून आलेल्या मुलीला पिळते आहे, नाहीतर अशी जागाच नाही. दोन्ही वाईट. करुणाचं परमिट नाकारलं गेलं. एवढ्यावर थांबलं नाही. मार्गारेटबाईंच्या कारखान्यात तपासणी अधिकारी येऊन गेला. त्यानं कामगारांना विचारलं, तुमची मॅनेजर कोण? सगळ्यांनी मार्गारेटबाईंकडे बोट दाखवलं.

करुणा परत आली. राहण्याची परवानगी संपायच्या आत यावंच लागलं. आता एकच वाट उरली होती. मार्गारेटबाईंनी पुन्हा नवा नंबर काढायचा, जुन्या पदाचा, आणि करुणानं दिल्लीतून नव्यानं अर्ज करायचा. पण त्यांनी तो का काढावा? त्यांच्या परवान्यावर एक ओरखडा आला होता. दुसऱ्यांदा चूक झाली असती तर परवाना गेला असता, कदाचित नावही. त्यांनी करुणाला कळवलं की मला आधी तुझ्याशी आणि तुझ्या वडिलांशी बोलायचं आहे.

ते बोलणं आमच्या ऑफिसात, माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉलनं झालं. करुणाचीच तशी इच्छा होती. विमानतळावरून आल्यापासून ती वडिलांशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण जेवायला चला, गॅस संपलाय, एवढंच. त्या दिवशी मात्र मार्गारेटबाई यायच्या आधी तिचा बांध फुटला.

"बाबा, तुम्ही असं कसं करू शकलात यार? मला एकदा विचारायचं तरी. मला ज्युनियर असण्याचं काहीच वाटत नव्हतं."

"तुला नसेल वाटत. लोकांना वाटतं," साहेब म्हणाले.

"कोणत्या लोकांना? तिथे मला आजपर्यंत कोणी विचारलं नाही की तुझे वडील कोणत्या पोस्टवर आहेत. पहिल्यांदा आयुष्यात. मला इतकं... मोकळं मोकळं वाटलं होतं."

गायकवाड साहेब लिंबू-मिरचीकडे बघत राहिले. त्यांना त्या क्षणी काय झालं असेल ते मला दिसत होतं. खरं सांगते, मला त्यांचा राग आलेला होता तरी मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला.

मार्गारेटबाई पडद्यावर आल्या त्या डोक्याला जाळी आणि अंगावर पांढरा एप्रन अशा. मागे मोठी तांब्याची कढई होती. त्यांना पाहताच गायकवाड साहेब उठून उभे राहिले. वरिष्ठांसमोर बसण्याची सवय नव्हती. त्यामुळे पडद्यावर बाईंना त्यांचं पोटच दिसत होतं. करुणानं त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं.

"मिस्टर गायकवाड," बाई म्हणाल्या, "मला एक सांगा. तुमची मुलगी माझ्याकडे काय काम करते?"

साहेब म्हणाले, "उत्पादनाशी संबंधित सर्व बाबी पाहते."

"कोणत्या?"

साहेब करुणाकडे बघायला लागले. करुणा टेबलाकडे बघत होती. माणूस पुढे ढकललेली फाईल न वाचताही तिच्यावर बरंच बोलू शकतो, पण समोरून 'कोणत्या' असं आलं की पंचाईत होते. दर रविवारी ते मुलीशी तासभर बोलत. तिचा पगार, सुट्ट्या, घरमालक, थंडी, सगळं त्यांना माहीत होतं. ती सकाळी कामावर जाऊन हातानं नक्की काय करते, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना आणि मला एकाच वेळी समजली.

"मग मी सांगते," बाई म्हणाल्या. "प्रत्येक घाण्याचा मुरंबा ती तपासते. आंबटपणा, साखर, बरणी, झाकण. मागच्या नाताळाच्या आधी एक मोठी ऑर्डर होती. ट्रक दारात उभा. हिनं सांगितलं की झाकणं नीट बसत नाहीत, आत हवा राहतेय, आणि ती कागदावर सही करायला तयार होईना. मी म्हटलं, जाऊ दे, थोड्या बरण्या असतील. ही म्हणाली, नाही. मी ओरडले. खूप ओरडले. ही रडली, पण सही केली नाही. ट्रक रिकामा परत गेला. आम्ही नंतर झाकणं तपासली. तिचंच खरं होतं. तो माल बाहेर गेला असता तर लोक आजारी पडले असते आणि माझ्या वडिलांनी सुरू केलेला हा कारखाना बंद झाला असता. त्या दिवशी मी ठरवलं, हिला जाऊ द्यायचं नाही. म्हणून तो परवाना काढला."

खुराना साहेबसुद्धा पलीकडच्या टेबलावर फोन उपडा ठेवून ऐकत होते.

"मॅनेजर मी आहे," बाई पुढे म्हणाल्या, "आणि माझं इथे कोणी ऐकत नाही. हिचं सगळे ऐकतात. मी नवा नंबर काढीन. पण मिस्टर गायकवाड, या वेळी मला तुमचा अर्ज नको."

"नो मॅडम," साहेब म्हणाले. आणि जरा थांबून, "थँक यू मॅडम." ते पुन्हा उभे राहिले होते.

बाकीचं आमचं नेहमीचं काम. नवा नंबर आला, जुनं पद, जुनं काम, जुना पगार, तिन्ही पुन्हा एकमेकांना धरून. आधीच्या नकाराचा खुलासा मी करुणाकडून चार सरळ वाक्यांत लिहून घेतला. गायकवाड साहेबांनी त्यावर मसुदा करून देऊ का असं विचारलं आणि आम्ही दोघींनी एकदमच नको म्हटलं. तिनं बोटांचे ठसे दिले, आणि मग वाट बघणं सुरू झालं. ते दिवस वाईट होते. पहिला नकार पाठीशी असला की दुसऱ्या वेळी काहीही होऊ शकतं, हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, आणि शालिनीताई दर संध्याकाळी मला फोन करून काही न विचारता हवापाण्याच्या गोष्टी करायच्या.

या मधल्या काळात साहेबांनी एक गोष्ट केली. फरीदाबादला स्वतः फोन लावून सांगितलं की मुलगी मॅनेजर नाही, ज्युनियर आहे, आणि सध्या तेही नाही. त्या लोकांनी अतिशय गोड आवाजात "कळवतो" म्हटलं. त्यांनी अजून कळवलेलं नाही.

परमिट आलं. करुणा मला येऊन बिलगली आणि बराच वेळ सोडेना. तिला जाऊन आठवडा झाला असेल, तेव्हा शनिवारी साहेब काजूकतलीचा डबा घेऊन ऑफिसात आले. खुराना साहेबांना सगळं माहीत असूनही त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलंच, "बधाई हो! तो बिटिया क्या बन के गई?"

"जूनियर," गायकवाड साहेब म्हणाले.

"कोई बात नहीं, कोई बात नहीं," खुराना साहेबांनी त्यांचा खांदा थोपटला. "धीरे धीरे मैनेजर भी हो जाएगी."

साहेब माझ्या टेबलासमोर येऊन बसले. डबा उघडला, माझ्यापुढे सरकवला. या वेळी मी घेतली. मग त्यांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले.

"ताई," ते म्हणाले. आजपर्यंत मी मॅडम होते. "इतकी वर्षं मी फायलींवर सह्या करतोय. काल ऑफिसात बसल्या बसल्या आठवायला लागलो. माझ्या सहीनं आजवर एकसुद्धा गोष्ट थांबलेली नाही हो. चूक दिसत होती, तरी सही केली आणि वर पाठवली. खालून आली की वर. आणि ही पोरगी रडत रडत ट्रक थांबवते."

मी म्हटलं, "मग साहेब, तुमच्यापेक्षा वरचीच पोस्ट झाली की ही."

"बिल्कुल," ते म्हणाले, आणि या वेळी त्यांना खरोखरच तसं म्हणायचं होतं. "आणि मी तिला मॅनेजर करून खाली आणायला निघालो होतो."